सुईवरचा उजेड

सुईच्या भोकाला मराठीत नेढं म्हणतात. सह्याद्रीच्या माथ्यावर कातळाला आरपार भोक पडलेलं असतं, त्यालाही नेढंच म्हणतात. राजगडाचं नेढं, रतनगडाचं नेढं डोंगर हिंडणाऱ्यांना ठाऊक आहे. एका नेढ्यात दहा-वीस माणसं बसून भाकरी खातात, दुसऱ्यात दोऱ्याचं टोकही शिरता शिरत नाही. शब्द मात्र एकच. आमच्या घरात दख्खनी बोलली जाते, तिच्यात त्याला सुईचा नाका म्हणतात. जुन्नरच्या माणसाला नाका म्हटलं की नाणेघाट आठवतो आणि तिथला जकातीचा दगडी रांजण. नाका कुठलाही असो, तिथं थांबावं लागतं. शिवणाऱ्याचा नाका म्हणजे हे नेढं. वय वाढलं की तिथला खोळंबा वाढत जातो.

शिलाई मशीनचा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे. त्यात चाक आहे, पायटा आहे, पेटंट आहेत, कोर्टकज्जे आहेत. आज मी त्या इतिहासाची दुसरी बाजू सांगणार आहे. मशीनची सुई धावायला लागली, तिच्यावर उजेड कुठून पडला? तिच्याकडे पाहणाऱ्या डोळ्याला कुणी मदत केली? कंदील, बल्ब आणि भिंग यांची ही गोष्ट. विषय लहान वाटेल. पण या लहान गोष्टीवर माणसाच्या कमाईची दहा-पंधरा वर्षं अवलंबून असतात, म्हणून ती सांगण्याजोगी आहे.

मशीन येण्यापूर्वी कारागिराचं घड्याळ म्हणजे सूर्य. आमचं जुन्नर हे फार जुनं कारागिरांचं आणि व्यापाऱ्यांचं गाव. आसपासच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कासारांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणींचा, म्हणजे संघांचा उल्लेख येतो. लेण्याद्रीच्या लेण्यांचं तोंड दक्षिणेला आहे. दिवसभर उजेड आत येईल अशी ती दिशा. पुढच्या काळात जुन्नरी कागद नावारूपाला आला. तो कागद घोटणारे आमच्यातले कागदी असोत, की कापड शिवणारे शिंपी असोत, सगळ्यांची बैठक ओसरीवर किंवा दाराशी. आतल्या खोलीत कोठार, बाहेर काम. संत नामदेव शिंप्याच्या घरातले. त्यांच्या काळातला शिंपीही दिवस बुडाला की सुई कापडात टोचून ठेवत असणार, कारण तेलाच्या दिव्यावर सरळ टाका घालणं म्हणजे तेलही गेलं आणि डोळेही गेले.

जुन्नरला शिवनेरी गावाच्या पश्चिमेला आहे. सूर्य मावळण्याआधी किल्ल्याच्या आड जातो आणि पेठेवर सावली उतरते. आकाशात अजून उजेड असतो, पण दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात संध्याकाळ झालेली असते. पेठेतली जुनी माणसं वेळ सांगताना "किल्ल्याची सावली आली" असं म्हणत. शिंप्याच्या दृष्टीनं त्याचा अर्थ एकच होता, आता काजं करायची नाहीत.

उजेड एकवटायची आणि बारीक वस्तू मोठी करून पाहायची धडपड जगभर चालू होती. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोत बसून इब्न अल-हैथम यानं प्रकाश आणि दृष्टी यांवर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे तो लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या विद्वानांनी अभ्यासला. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मा तयार झाला. फ्लॉरेन्समधल्या एका धर्मोपदेशकानं १३०६ साली प्रवचनात सांगितलं होतं, की ही विद्या निघून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. तिथून ती काच पूर्वेकडे आली. पंधराव्या शतकात हेरातचा थोर फारसी कवी जामी यानं उतारवयातल्या आपल्या एका काव्यात फिरंगी काचेचा उल्लेख केला आहे. तिच्याशिवाय आपले डोळे निरुपयोगी आहेत, अशी त्याची तक्रार. मोगल चित्रकार मीर सय्यद अली यानं आपल्या म्हाताऱ्या वडिलांचं, मीर मुसव्विर यांचं चित्र काढलं, त्यातही चष्मा दिसतो. हे वडीलही चित्रकारच. म्हणजे कवी आणि चित्रकार यांच्यापर्यंत काच पोचली होती. शिंप्यापर्यंत पोचायला तिला आणखी कितीतरी वर्षं लागली.

१६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हुक याचा 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ निघाला. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंची चित्रं त्यात आहेत. उवा, माश्या, बुरशी असं पुष्कळ काही आहे. पण त्यातलं पहिलंच निरीक्षण कशाचं आहे? सुईच्या टोकाचं. आपण ज्याला अणकुचीदार म्हणतो ते टोक भिंगाखाली बोथट आणि खडबडीत निघालं. आणि हे पाहण्यासाठी हुकला नुसतं भिंग पुरलं नाही. दिव्याचा उजेड वस्तूवर एकवटण्यासाठी त्यानं पाण्यानं भरलेला काचेचा गोळा वापरला. अशाच पाण्याच्या गोळ्यांपुढे मेणबत्ती ठेवून युरोपातल्या लेस विणणाऱ्या बायका आणि चांभार रात्री काम करत. एक मेणबत्ती, भोवती चार गोळे, चार माणसं. उजेड आणि भिंग ही जोडी आहे, एकाशिवाय दुसरं अपुरं, हे त्या गरीब कारागिरांना पुस्तक न वाचता कळलेलं होतं.

आता मशीनकडे येऊ. १८३० साली फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्यानं मशीनचं पेटंट घेतलं. पॅरिसमध्ये त्याच्या मशीनवर सैनिकांचे गणवेश शिवले जाऊ लागले. पोटावर पाय येईल या भीतीनं तिथल्या शिंप्यांनी कारखान्यात शिरून मशीन फोडली. १८४६ साली अमेरिकेत एलियास हो याला पेटंट मिळालं. त्याच्या मशीनमध्ये सुईचं नेढं वरच्या टोकाला नव्हतं, खाली अणीपाशी होतं. ही कल्पना त्याच्या आधीही एक-दोघांना सुचली होती, पण पेटंट त्याच्या हाती आलं. सगळं यंत्र या एका बदलावर उभं आहे. पेटंटच्या आदल्या वर्षी त्यानं पाच शिवणाऱ्या बायकांशी मशीनची शर्यत लावली आणि जिंकली. मशीन मिनिटाला अडीचशे टाके घालत होतं. सराईत हाताला मिनिटात तीस-चाळीस टाके जमतात. १८५१ साली आयझॅक सिंगर याचं पेटंट झालं आणि पुढे हप्त्यानं मशीन विकायची पद्धत पडली.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट आहे, ती कवितेच्या इतिहासातली. १८४३ च्या डिसेंबरात लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात टॉमस हूड याची 'द साँग ऑफ द शर्ट' ही कविता आली. रात्रंदिवस सदरे शिवूनही उपाशी राहणाऱ्या बाईची ती कविता. इंग्लंडात तिनं खळबळ उडवली. कविता लिहिणारा माणूस म्हणून मला नेहमी वाटतं, की त्या बाईची सुई हळू चालायची ही तिची अडचण होतीच, पण तिच्या डोळ्यांपुढचा उजेडही अपुरा होता. तीन वर्षांत पहिल्या अडचणीवर पेटंट निघालं. दुसरी अडचण मात्र मशीनबरोबर आणखी वाढली. हाताचा टाका चुकला तर एकच उसवावा लागतो. मशीनची टीप वाकडी गेली तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत वीतभर वाकडी जाते. सुईचा वेग सहा-सात पट झाला, डोळा तोच राहिला.

हिंदुस्थानात सिंगर मशीन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलं. नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी कंपनीचा इथला व्यापार वाढवला. घराघरांत, बाजाराबाजारांत, हप्त्यानं मशीन गेलं. यंत्रांविषयी कठोर बोलणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ साली एका संभाषणात सिंगरच्या मशीनला अपवाद ठरवलं. शिवून शिवून दमणाऱ्या बायकोच्या मायेपोटी सिंगरनं ते बनवलं, अशी त्यांची समजूत होती. हकिकत खरी असो वा नसो, भाव खरा होता. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन सुरू झालं. तिथं शिकणाऱ्या बायकांना शिवणकामानं स्वतःच्या पायावर उभं राहण्याची एक वाट दिली. १९३५ च्या सुमारास कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग कंपनीनं उषा मशीन काढायला घेतलं आणि मशीन देशी झालं.

पण बायकांचं शिवण हे बहुधा रात्रीचं काम. दिवसा चूल, पाणी, पोरं, शेत. सगळी निजली की मशीनवरचं झाकण निघायचं. तेव्हा उजेड कसला? कंदिलाचा. त्या कंदिलालाही मराठी इतिहास आहे. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि १९०८ साली आपल्याच पुणे जिल्ह्यात, तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना काढला. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला, ती ओगलेवाडी. तिथला प्रभाकर कंदील घरोघर पोचला. स्वदेशीच्या इतिहासात या कारखान्यांची नोंद उद्योग म्हणून होते. मला त्यांची नोंद आणखी एका खात्यावर करावीशी वाटते. किती सदरे, किती परकर, किती झबली या काचेआडच्या वातीवर शिवली गेली असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

कंदिलाचा एक गुण होता. तो उचलून हवा तिथं ठेवता यायचा. मशीनच्या फळीवर, सुईच्या डाव्या अंगाला कंदील ठेवला की उजेड थेट टाक्यावर पडायचा. दोष असा, की कापड घसरलं तर आग लागण्याची भीती आणि काचेची धग तोंडावर. मग वीज आली आणि बल्ब छताला गेला. खोली उजळली, पण कंदिलापेक्षा सुई अंधारात गेली. आपल्याकडे म्हण आहे, दिव्याखाली अंधार. शिलाई मशीनच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. बल्ब डोक्यावर किंवा पाठीमागे असतो. शिवणारा वाकला की त्याच्या डोक्याची सावली कापडावर. उरलेला उजेड मशीनची मान अडवते. त्यामुळे सगळ्या खोलीत सर्वांत काळोखी जागा कुठली, तर सुईखालची दोन बोटं.

यात थोडं गणित आहे, पण ते सोपं आहे. उजेड मोजण्याचं माप लक्स. पूर्वीचा साठ वॉटचा पिवळा बल्ब छताला टांगला आणि तो मशीनच्या फळीपासून साडेपाच फुटांवर असला, तर फळीवर त्याचा थेट उजेड जेमतेम वीस लक्स पडतो. भिंतींवरून परतणारा उजेड धरला तरी फार वाढत नाही. तोच बल्ब दीड फुटावर आणला तर पावणेतीनशे लक्स, म्हणजे तेरा पट. बल्ब तोच, विजेचं बिल तेच, फक्त जागा बदलली. शिवणकामासाठी युरोपातल्या मानकात साडेसातशे लक्स सांगितले आहेत. आणि भर दुपारी झाडाच्या सावलीत? तिथं हजारो लक्स असतात. आपल्या आठवडे बाजारांत झाडाखाली मशीन मांडून फाटकं शिवून देणारा माणूस आपण गरीब समजतो. उजेडाच्या बाबतीत तो पेठेतल्या गाळेवाल्यापेक्षा शंभर पटीनं श्रीमंत असतो.

मशीनवरच दिवा बसवण्याची कल्पना परदेशात कधीच रुजली होती. सिंगरनं विजेवरचं मशीन १८८९ साली काढलं. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचं जे लहान, उचलून नेण्याजोगं मशीन आलं, त्यात सुईजवळ दिवा होता. आपल्याकडे बहुतेक मशीन पायट्याची आली, त्यांना वीजच लागत नव्हती, मग दिवा कुठून असणार? पायानं चालवण्याच्या मशीनचा मोठा गुण हाच, की वीज गेली तरी काम थांबत नाही. निदान तसं आपण म्हणतो. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमनाची होती. जुन्नर, आंबेगावच्या गावांनी ते अंगावर काढलं आहे. पायटा तेव्हाही हलत होता. अडत होतं ते डोळ्यामुळे. पुढे मशीनला मोटर बसली, तेव्हा आणखी एक गंमत झाली. मोटरच्या ठिणग्यांमुळे शेजारच्या रेडिओत खरखर यायची. शिंप्याचं आणि रेडिओचं नातं जुनं. डोळे आणि हात गुंतलेले, कान रिकामे. १९५३ साली पुण्याचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं, तेव्हापासून कितीतरी कापडं गाण्यांच्या तालावर शिवली गेली. म्हणून हा विषय रेडिओवर बोलायला मला आवडतो. ज्याच्याबद्दल बोलतो आहे, तो आत्ता ऐकतही असेल.

आता मुख्य गोष्ट. मराठीत जवळच्या चष्म्याला चाळिशी म्हणतात. भाषेनंच वय सांगून टाकलं आहे. डोळ्यातलं भिंग चाळिशीच्या आसपास ताठर होऊ लागतं, जवळ पाहताना त्याला पूर्वीसारखा बाक येत नाही. हा आजार नव्हे, ते केस पिकण्यासारखं आहे, सगळ्यांचं होतं. दुसरी गोष्ट लोकांना कमी ठाऊक असते. बाहुली आकसते, भिंग पिवळसर होतं, आणि साठीच्या माणसाच्या डोळ्यात आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. म्हणजे त्याच दुकानात, त्याच बल्बखाली, म्हाताऱ्या शिंप्याला तरुण पोरापेक्षा तिप्पट अंधारात काम करावं लागतं. पोरगं म्हणतं, "दिसतंय की." त्याचंही खरं असतं.

माझे मामू जुन्नरच्या पेठेत शिंपी होते. सोळाव्या वर्षी मशीनवर बसले. त्यांच्या हातची शर्टाची कॉलर लग्नात ओळखू यायची. पंचेचाळिशी उलटल्यावर तक्रारी येऊ लागल्या. "चाचा, कॉलर जरा तिरकी आलीय." "द्या ताई, उसवून देतो." उसवायचे, पुन्हा शिवायचे, एका शिलाईत दोनदा श्रम. मग त्यांनी हळूहळू शर्ट सोडले, परकर घेतले. मग परकरही कमी झाले, उशांचे अभ्रे आणि पिशव्या राहिल्या. शिलाईचा दर खाली आला. पेठेत लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याचा हात गेला. त्यांनाही ते पटलं होतं. कारागिराला हात गेला हे मान्य करणं सोपं जातं, कारण त्यावर उपाय नाही, आणि ज्याला उपाय नाही त्याची लाजही नसते.

माझी अम्मी त्यांची धाकटी बहीण. तिनं एक गोष्ट पाहून ठेवली होती. दुपारी बाराला, दाराच्या उंबऱ्यावर बसले की भाऊ एका दमात सुई ओवतात. संध्याकाळी दुकानात तीच सुई तीच माणसं चार वेळा चुकवतात. ती म्हणाली, "भाईजान, हात कू कुछ नै हुआ. उजाला कम है." मामूंना ते आवडलं नाही. भिंग घेऊन बसलो तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, हे त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. आपण दाढी पिकलेल्या डॉक्टरवर विश्वास ठेवतो, पण चष्मा लावलेल्या शिंप्याकडे बिचकून पाहतो. शेवटी मशीनच्या डाव्या अंगाला वाकवता येणारा एक टेबलावरचा दिवा बसला, नाकावर चष्मा आला आणि काजांसाठी दांड्यावरचं एक भिंग आलं. शर्ट परत आले. बंद गळ्याचा कोट ते पुन्हा कधी शिवू शकले नाहीत, तेवढी वर्षं मधे निघून गेली होती. पण त्यानंतर ते अकरा वर्षं पोटापुरतं कमावते राहिले आणि म्हातारपणी कुणापुढे हात पसरावा लागला नाही. आमच्या कुटुंबाच्या लेखी एका दिव्याची किंमत एवढी आहे.

ही एका घराची गोष्ट झाली. पण मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिल्यावरही तेच दिसलं आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या पत्ती खुडणाऱ्या कामगारांचा अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांना जवळचा चष्मा लगेच दिला, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर दिला. चष्मा मिळालेल्यांची खुडणी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे बावीस टक्क्यांनी अधिक भरली. २०२४ साली बांगलादेशातल्या अशाच अभ्यासाचा निष्कर्ष आला. तिथं जवळचा साधा चष्मा मिळालेल्या गरीब लोकांची कमाई सुमारे एक तृतीयांशानं वाढली. चहाची पानं तर बोटाएवढी असतात. सुईचं नेढं त्यांच्या मानानं कुठं! जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार जगात ८० कोटींहून अधिक माणसं अशी आहेत, की ज्यांना जवळचं नीट दिसत नाही आणि त्यांच्याकडे योग्य चष्मा नाही.

कायद्याला हे कळत नव्हतं असं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात १७ वं कलम उजेडाचं होतं. कामाच्या जागी पुरेसा आणि योग्य उजेड हवा, आणि डोळ्यांवर ताण पडेल किंवा अपघात होईल अशी चकाकी किंवा सावली नको, असं त्यात लिहिलं होतं. सावलीचा विचार करणारा कायदा! लिहिणाऱ्यानं कधीतरी कारागिराच्या शेजारी बसून पाहिलं असणार. २०२० साली संसदेनं मंजूर केलेल्या कामगार संहितेत तो कायदा सामावला गेला. पण जुना असो की नवा, तो कारखान्याच्या दारापर्यंत जातो. मंचरच्या किंवा ओतूरच्या आळीत एका मशीनवर पोट भरणाऱ्या माणसाच्या, रात्री गणवेश शिवणाऱ्या आईच्या दारात कुठलाही निरीक्षक येत नाही. तिथं कायदा म्हणजे आपणच.

तेव्हा करायचं काय? मामूंच्या दुकानात आणि नंतर अनेक दुकानांत पाहिलेल्या चार गोष्टी सांगतो. पहिली, दिवा सुईच्या जवळ आणि बाजूनं हवा, डोळ्यात न जाणारा. आता चुंबकानं मशीनच्या मानेला चिकटणारे छोटे एलईडी दिवे मिळतात. त्यांची धग लागत नाही, वीज नगण्य लागते, चार्ज होणारा घेतला तर वीज गेल्यावरही चालतो. खोलीतला दिवाही चालू ठेवावा. भोवती काळोख आणि मधे झगझगीत ठिपका असला तर डोळा लवकर दमतो. साटीनसारखं चमकणारं कापड असेल तर दिवा जरा तिरका करावा.

दुसरी गोष्ट रंगाची. पिवळ्या बल्बखाली काळा आणि गडद निळा यांत फरक कळत नाही. जुने शिंपी दोऱ्याची रीळ आणि कापड घेऊन दाराशी जात, ते उगाच नव्हे. दोरा दिवसाच्या उजेडात जुळवून घ्यावा. काळ्या कापडावर काळी टीप मारायची असेल तर ते काम सकाळसाठी राखून ठेवावं.

तिसरी गोष्ट भिंगाची. सगळं मोठं दिसावं म्हणून जबर भिंग घेतलं तर ते कापडाच्या अगदी जवळ धरावं लागतं, आणि मग डोकं सुईजवळ जातं. मशीनला ते चालत नाही. मशीनवर आपला डोळा साधारण हातभर दूर असतो. तेवढ्या अंतरावर स्वच्छ दिसेल असा चष्मा डोळे तपासून घ्यावा, पुस्तक वाचायचा चष्मा तिथं कमी पडू शकतो. डोळे तपासावेत यासाठीही, की मोतीबिंदू किंवा काचबिंदू असेल तर तो दिव्यानं बरा होणार नाही. दांड्यावरचं भिंग नेढं ओवायला, काजाला, उसवायला. आणि काम झालं की भिंगावर कापड टाकावं. खिडकीतल्या उन्हात ते उघडं राहिलं तर ऊन एका बिंदूवर एकवटतं आणि चिंध्यांचा ढीग पेट घेऊ शकतो.

चौथी गोष्ट फुकटची आहे. सुई ओवताना नेढ्यामागे पांढऱ्या कागदाचा तुकडा धरावा आणि दोऱ्याचं टोक तिरकं कापावं. नेढं स्वच्छ दिसतं.

आपल्याच तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आणि त्या तबकड्यांचा पृष्ठभाग पातळ पोलादी तारेच्या जाळीचा. शाळेच्या सहली तिथं येतात, दूरच्या आकाशगंगांची माहिती ऐकतात. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे ती. त्या सहलीच्या पोरांच्या अंगावरचा गणवेश मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडायच्या आत व्हायला हवा म्हणून, कुणीतरी रात्री जागून शिवलेला असतो. बाहेर पावसाचं आभाळ, खिडकीतून उजेड नाही, गिऱ्हाईक दारात. फार दूरचं पाहण्यासाठी माणसानं एवढं केलं. हातभर अंतरावरचं पाहण्यासाठी एक दिवा आणि एक काच पुरते.

आपल्याकडे दसऱ्याला शिंपी मशीनची पूजा करतात. चाकाला हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते, आमच्या मामूंच्या मशीनलाही शेजारचे माळ घालून जात. मशीनला तेल वेळेवर मिळतं, सुई मोडली तर त्याच दिवशी नवी येते. पहिला पैसा कापडावर, दुसरा दोऱ्यावर, तिसरा तेलावर खर्च होतो. उजेडावरचा खर्च सगळ्यात शेवटी येतो आणि बहुधा राहूनच जातो. मग पन्नाशीचा एखादा कारागीर मशीन विकतो आणि आपण म्हणतो, हात गेला. तुमच्या आळीत असा कुणी असेल, तुमच्या घरात तुमची आईच असेल, तर तिच्या मशीनपाशी संध्याकाळी पाच मिनिटं बसा. ती बसते तिथं, तेवढ्याच उजेडात, सुई ओवून पाहा. पुढे काय आणायचं ते तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.